पुढच्या रांगेतली ल्युबिंका

ल्युबिंका सकाळी घरातून निघायची ती तपकिरी कोट घालून आणि खांद्याला व्यायामाची पिशवी अडकवून. गणवेश त्या पिशवीत असायचा. राजधानीत, प्रिश्टिनाला पोचल्यावर बराकीत ती कपडे बदलायची आणि संध्याकाळी पुन्हा कोट घालून गावात उतरायची. सहा वर्षं असं चाललं होतं. ती कुठे नोकरी करते हे आमच्या क्रुशित्सात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर तिची सासू दारिंका सांगायची, "हॉस्पिटलात आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. ल्युबिंका नर्स होती. गावच्या दवाखान्यातली तिची जागा कुणाच्या तरी भाचीला मिळाली, तेव्हा तिने कोसोवोच्या नव्या संरक्षण दलात अर्ज टाकला आणि तिथल्या दवाखान्यात तिला घेतलं.

मी रुझित्सा, तिची शेजारीण. घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांचे केस कापते. तिच्या मुलीच्या, तियानाच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातात घेऊन उभी राहिले होते, त्यामुळे ती पोर मला कुमा, म्हणजे धर्माची आई, म्हणते आणि आमच्यात कुमा म्हणजे रक्ताच्या नात्याहून कमी नाही.

आमचं गाव सर्बांचं. देश अल्बेनियन लोकांचा. दहा वर्षांपूर्वी त्यांनी कोसोवो स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या शाळेतले पगार अजून बेलग्रेडहून, सर्बियाच्या सरकारकडून येतात आणि चर्चच्या फाटकाशी नाटोचे परदेशी सैनिक आमचंच रक्षण करत उभे असतात. त्याच नाटोची विमानं नव्व्याण्णवच्या वसंतात, सर्बियाच्या लष्कराला अल्बेनियनांच्या गावांतून हुसकायला, आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होती. दारिंकाचा धाकटा मुलगा गोरान तेव्हा सर्बियाच्या लष्करात सक्तीच्या भरतीवर होता. एका पुलाजवळ बॉम्ब पडला. शवपेटी घरी आली, पण ती उघडू दिली नाही. ल्युबिंकाचा नवरा स्तांको हा दारिंकाचा थोरला. शाळेत शिपाई. कमी बोलणारा.

त्या शरदात रोज एकच चर्चा होती. संरक्षण दलाचं आता खरं लष्कर होणार, आणि लष्कर झालं की हा देश नाटोत घ्या म्हणून दार ठोठावणार. त्याआधी पाहणीला बाहेरचे अधिकारी येणार होते. नुसती शस्त्रं मोजून त्यांचं समाधान होणार नव्हतं. दलात सर्ब आहेत का, हेही ते विचारणार होते.

ल्युबिंकाचे साहेब होते कॅप्टन अग्रोन. त्यांनी तिला सांगितलं, "सोमवारी तुम्ही पुढच्या रांगेत उभ्या राहा."

"मागे उभी राहिले तर?"

"मागे कुणाला दिसणार?"

"दिसायचंच तर नाहीये मला, कॅप्टन."

"फोटो निघणार नाही. माझा शब्द."

शब्द त्यांनी मनापासून दिला असेल. पण आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. पाहुण्यांत एक पिकल्या केसांची बाई होती, मोठ्या हुद्द्याची. तिने ल्युबिंकाचा हात हातात घेतला, गाव विचारलं, हसली. ल्युबिंकाही हसली. समोर कुणी हसलं तर माणूस काय करणार? दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत तो हात आणि ते हसू क्रुशित्सातल्या प्रत्येक फोनवर पोचलं होतं.

माझ्याकडे त्या सकाळी तिघी जणी होत्या. एकीच्या डोक्याला रंग लावलेला, दोघी नंबर लावून बसलेल्या.

"गणवेश शोभतो हो तिला," एक म्हणाली.

"शोभणारच. नाटोच्या बाईने स्वतः हात धरलाय."

"दारिंकाने बघितला असेल का गं?"

ड्रायरचा आवाज तेवढा चालू राहिला.

दारिंकाने बघितला होता. दुकानात ब्रेड घ्यायला गेली तेव्हा कुणीतरी तिच्या तोंडापुढे फोन धरला होता. ती घरी आली, मिरच्या भाजायला बसली आणि ल्युबिंका परत आल्यावर एवढंच म्हणाली, "हात गरम होता का तिचा?"

"आई..."

"सहज विचारलं."

मग दिवसभर भाजलेल्या मिरच्यांची सालं ती काढत राहिली. पुढे दोन दिवस ती सुनेशी बोलली, पण फक्त कामापुरतं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं ल्युबिंका मला म्हणाली.

त्या आठवड्यात तियानाच्या बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वेल्कोच्या कॉफीखान्यात स्तांको शिरला की पत्ते खेळणारे गप्प व्हायचे. एका सकाळी त्यांच्या फाटकावर काळ्या रंगाने एक शब्द लिहिलेला दिसला. स्तांकोने तो तारेच्या ब्रशने घासून काढला, पण घासल्याची खूण त्या शब्दाहून मोठी झाली.

आणि मग तो माणूस माझ्याकडे आला. दुपारची वेळ. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर पांढरी गाडी उभी होती, तिला नंबरची पाटीच नव्हती.

"पुरुषांचे केस मी कापत नाही," मी म्हटलं.

"डोकं ते डोकं, ताई. मागून थोडे घ्या." तो खुर्चीत बसलासुद्धा. चाळिशीचा असेल, स्वच्छ दाढी केलेली, अंगाला साबणाचा वास. मी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला.

"कुठले तुम्ही?"

"इथलाच." भाषा आमचीच, पण बोलण्याची धाटणी इथली नव्हती. "शेजारी स्तांको राहतो ना? भला माणूस. बायको हल्ली फार मोठ्या लोकांत वावरते म्हणे."

"मला काय ठाऊक."

"मुलीच्या कुमा तुम्ही आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

माझा हात थांबला. तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

"कापा, कापा. थांबू नका. मुलगी गोड गाते हां. रविवारी चर्चमध्ये ऐकलं मी. पांढरी टोपी होती डोक्यावर. आणि घरी एकटीच जाते की, ओढ्याच्या वाटेने. एवढ्या लहान पोरीला एकटं सोडू नये."

मी कापत राहिले. काय कापत होते देव जाणे. त्याची मान माझ्यासमोर उघडी होती, कात्री माझ्या हातात होती, आणि तरी भीती मलाच वाटत होती.

"शुक्रवारपर्यंत तिने ती नोकरी सोडली तर सगळ्यांनाच बरं पडेल," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. बायकांचं बायका ऐकतात."

तो उठला, आरशात वळून बघितलं. "डावीकडे जरा जास्तच गेले," असं म्हणत त्याने कॉलरवरचे केस स्वतःच झटकले आणि गेला. मी जमिनीवरचे केस गोळा करायला वाकले आणि तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं. तियानाला आधी आमच्या घरी टीव्ही बघायला पाठवलं. स्तांको ऐकता ऐकता सिगारेट विझवत होता आणि परत पेटवत होता.

"सोड," तो म्हणाला.

"सोडली की थांबतील?" ल्युबिंकाने विचारलं.

"न सोडता थांबतील का?"

"सहा वर्षं मी तिथे माणसांचे ताप मोजले, स्तांको. जखमा बांधल्या. बंदूक हातात धरली ती शिकण्यापुरती."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे."

ल्युबिंका उठली आणि तियानाला आणायला निघाली. आमच्या दोन घरांत एक कुंपण आहे फक्त. ते अंतरही तिला त्या दिवशी पोरीला एकटीने येऊ द्यायचं नव्हतं.

तिने राजीनामा लिहिला, पण बराकीत नेऊन द्यायचं धाडस होईना. बसमध्ये कोण असेल, थांब्यावर कोण असेल, मागे तियानाजवळ कोण जाईल, असे हजार विचार. तिने कॅप्टनना फोन केला. आणि गुरुवारी दुपारी कॅप्टन अग्रोन स्वतःच क्रुशित्सात आले. साध्या जाकिटात, स्वतःच्या गाडीने. तिच्या घरी कसे जाणार? माझ्या दारात उभे राहिले. अल्बेनियन अधिकारी माझ्या घरी, भर दिवसा.

"गाडी मागे घ्या," मी म्हटलं. "गोठ्याच्या आड."

त्यांनी निमूटपणे घेतली. दुकानाला मी आतून कडी लावली, पडदे ओढले. ल्युबिंका मागच्या दाराने आली. ते केस धुवायच्या खुर्चीवर बसले, ती ड्रायरखाली. पस्तिशीही ओलांडली नसेल माणसाने. सर्बियन आमच्यासारखीच बोलत होते.

"फोटो निघणार नाही असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

ल्युबिंकाने कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"थांबा जरा. प्रिश्टिनात तुम्हाला घर बघून देतो. मुलीला शाळा. तुम्ही गेलात की तुमच्यामागे बाकीचे सर्बही जातील, दोघांनी तर कालच दिला राजीनामा. मग बाहेरचे म्हणतील, हे एकाच जमातीचं सैन्य आहे. दार बंद."

"दार तुमचं, कॅप्टन. आणि त्यात चेंगरणारं बोट माझ्या मुलीचं."

ते म्हणाले, "भीती फक्त तुम्हालाच आहे असं वाटतं का? हे परदेशी सैनिक काही जन्मभर इथे राहणार नाहीत. ते गेले की दुसऱ्या दिवशी काय होईल, हे माझी आई मला रोज विचारते. तिच्या दाराजवळ भरलेली बॅग अजून असते. नाटोत गेलो तर ती बॅग रिकामी करेन म्हणते."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारिंका. सुनेला शोधत आली होती. मी आडवी जाणार, तोवर ती आत आली होती.

"हा कोण?"

"माझे साहेब आहेत, आई."

दारिंकाने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग समोरच्या स्टुलावर बसली.

"कुठला रे तू?"

"पेयाच्या बाजूचा, मावशी."

"पेच," दारिंका म्हणाली. आम्ही त्या गावाला पेच म्हणतो. "त्या वसंतात कुठे होतास?"

"डोंगरात. आई, बहीण आणि मी. वडिलांना रस्त्यातूनच नेलं."

"कुणी?"

ते बोलले नाहीत. दारिंकानेही परत विचारलं नाही. तिने हात मांडीवर ठेवले.

"माझा गोरान तेव्हा त्याच बाजूला होता," ती म्हणाली. "काय करत होता मला ठाऊक नाही. झोप येत नाही म्हणून कळवायचा. मग पुलापाशी विमानांनी..."

"मावशी, त्या विमानांचा आवाज आला की आम्ही..." ते मध्येच थांबले.

"बोल. आता थांबू नकोस."

"आम्ही आनंदाने रडायचो."

मला वाटलं, आता ही म्हातारी काय करते कोण जाणे. पण दारिंका नुसती मान हलवत राहिली.

"रडायचात ना," ती म्हणाली. "मीही रडायचे."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, तेवढ्यानेही मी दचकले.

"तुम्ही नाटोत गेलात की ती विमानं तुमची होणार का रे?"

"तसंच काहीसं."

"म्हणजे हिचीपण." तिने ल्युबिंकाकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "हिला जाऊ दे, पोरा. तू वाईट नाहीस म्हणून सांगते. मला एकच नात आहे."

कॅप्टननी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. मी आधी रस्ता बघून आले, मग ते गेले. संध्याकाळी दारिंकाने सुनेला हाक मारून आपल्या शेजारी जेवायला बसवलं. फोटो आल्यापासून पहिल्यांदाच.

शुक्रवार उलटला. वेल्कोच्या कॉफीखान्यात स्तांकोसाठी पुन्हा खुर्ची सरकवली गेली. तियानाची मैत्रीण जुन्या बाकावर आली. सगळं पहिल्यासारखं झालं असं लोक म्हणायला लागले. ल्युबिंका मात्र शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभी राहायची. डिसेंबरात संसदेने लष्कराचा ठराव केला. त्या दिवशी गावाने पीठ, तेल, मेणबत्त्या साठवून ठेवल्या, आणि नाटोच्या गाड्या हमरस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. कुणी म्हणे युद्ध होणार, कुणी म्हणे आजच. काही झालं नाही. पिठाला पुढे कीड लागली.

जानेवारीत ल्युबिंकाचे वडील वारले. ते सरहद्दीपलीकडे, सर्बियात, कुर्शुमलियाजवळच्या खेड्यात राहायचे. जे दलात होते त्यांना नाक्यावर अडवतात, असं सगळे म्हणत. "पण तू सोडलीस ना आता," स्तांको म्हणाला, "तुला कशाला अडवतील?" त्याच्या आवाजात खात्री नव्हती. त्याला यायचं होतं, पण दोघंही अडकले तर तियानाचं काय? म्हणून गाडी मी घेतली.

वाटभर ती वडिलांबद्दल बोलत होती. मधमाश्या पाळायचे, बोलताना एक डोळा मिटायचे. नाका दिसला तशी ती गप्प झाली. बर्फ भुरभुरत होतं. आमच्या पुढे गाड्यांची रांग होती, आणि एकेक गाडी पुढे सरकली की ती सीटची कड घट्ट धरायची.

पलीकडच्या खिडकीत तिने ओळखपत्र दिलं. आतल्या पोलिसाने ते बघितलं, फोन उचलला. मग साध्या कपड्यातला एक माणूस बाहेर आला आणि फार अदबीने म्हणाला, "बाई, जरा आत येता का? तुमच्या मैत्रिणीने गाडी बाजूला घ्यावी."

मी गाडी बाजूला घेतली. काचेवर बर्फ साचलं की वायपर चालवायचे, म्हणजे त्या खोलीचं दार दिसावं. आमच्या मागच्या गाड्या गेल्या, त्यांच्या मागच्याही गेल्या. वडिलांना माती द्यायची वेळ जवळ आली आणि टळूनही गेली. जाऊन विचारावं असं मनात येई, आणि हात गाडीच्या दाराच्या मुठीपर्यंत जाऊन परत येई. तिला मागच्या दाराने दुसऱ्या गाडीत घालून नेलं असेल, असंच शेवटी वाटायला लागलं होतं. स्तांकोला काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी करत होते.

मग दार उघडलं. ल्युबिंका बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता परतीच्या बाजूला चालायला लागली. मी गाडी वळवून तिच्याजवळ नेली.

"बस."

ती बसली. बरंच अंतर गेल्यावर बोलायला लागली.

"कॉफी दिली मला. वडील गेल्याचं वाईट वाटलं म्हणाला. खोलीत कॅमेरा लावून ठेवला होता. म्हणाला, दोनच वाक्यं बोला आणि जा मातीला. मला धाकाने भरती केलं, आणि त्यांच्या नाटोसाठी माझा वापर केला, एवढंच."

"मग?"

"वापर केला हे खरंच आहे. तेवढं मी बोलले असते. पण धाकाने नाही गं. अर्ज मी स्वतः केला होता. तसं सांगितलं त्याला."

"ल्युबा, दोन वाक्यं तर होती."

"तेच मीही स्वतःला म्हणत होते. तो म्हणाला, बसा मग, विचार करा. मी बसले. घड्याळ समोरच होतं. बाबांना खाली सोडलं असेल, आता माती टाकत असतील, असं म्हणत बसले. मग ओळखपत्र परत मागितलं. वाटलं, देणारच नाही. त्याने दिलं आणि म्हणाला, आता आम्हाला कळलं."

"काय कळलं?"

"तेच तर. काय कळलं?"

घरी दारिंकाने मृताच्या नावाने गहू शिजवून, त्यात साखर-अक्रोड घालून, वर मेणबत्ती लावून ठेवली होती. आम्ही त्याच दिवशी कशा परत आलो हे तिने विचारलं नाही. माती पडली त्या बाजूला तोंड करून ल्युबिंकाने तिथेच प्रार्थना म्हटली. शेजारच्या चार जणी आल्या, मागच्या दाराने. त्यांत वेल्कोची आईही होती. तिने एक घास खाल्ला, ल्युबिंकाच्या गालावरून हात फिरवला आणि निघून गेली.

महिना संपायच्या आत स्तांकोला शाळेतून निरोप आला की उद्यापासून येऊ नकोस. कारण दिलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

मग त्यांनी गाव सोडलं. कॅप्टन अग्रोनची बहीण प्रिश्टिनात दातांच्या दवाखान्यात आहे, तिने ल्युबिंकाला तिथे लावून घेतलं. स्तांको आता एका गोदामात सामान उचलतो. दारिंका काही केल्या गेली नाही. गोरानला इथे एकटा टाकून मी कुठे जाऊ, असं म्हणाली. तिचं जेवणखाण मी बघते. हा देश नाटोत अजून गेलेला नाही. कधी जाईल, कुणी सांगत नाही.

वसंतात मी त्यांच्याकडे गेले होते. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. आजूबाजूला सगळे अल्बेनियन शेजारी. वाईट कुणीच नाही, समोरची बाई तर पहिल्याच दिवशी भाजी भरून भाजलेल्या रोटीचा मोठा तुकडा देऊन गेली होती. खाली अंगणात मुलं चेंडू खेळत होती आणि तियाना खिडकीला नाक लावून बघत होती.

"आई, मी जाऊ खाली?"

"जा."

ती बूट घालता घालता थांबली. "जेवायला बोलावताना हाक कशी मारशील?"

"नावाने मारेन. आणखी कशी?"

"नावावरून कळेल ना सगळ्यांना."

ल्युबिंका हातातला चमचा धरून उभी राहिली. तिने गॅस बंद केला, तपकिरी कोट चढवला आणि पोरीचा हात धरला. मीही त्यांच्यामागे खाली गेले. हाक मारायची वेळच येऊ नये म्हणून ती अंगणातल्या बाकावर जाऊन बसली, आणि पोरगी खेळून दमेपर्यंत तिथेच बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी हळू आवाजात आमच्या भाषेत बोलत होतो, आणि कुणी जवळून गेलं की तेवढ्यापुरत्या गप्प होत होतो.